दुसऱ्या व्हायोलिनची शेवटची खुर्ची

मारियाजन्माचा सण नुकताच आटोपला होता आणि मंडप, फुले व रोषणाई यांचे हिशेब पुढ्यात घेऊन आम्ही कचेरीत बसलो होतो. इतक्यात एक तरुण आणि एक तरुणी दारात येऊन उभी राहिली. लग्न ठरवून आली असावीत, अशा समजुतीने आम्ही नोंदवही पुढे ओढली. मुलगी हसली. म्हणाली, "फादर, लग्न नाही. आम्हांला दर रविवारी दुपारी हॉल हवा आहे. वाद्यवृंदाच्या तालमीसाठी." आणि तिने एक छापील कागद आमच्या हिशेबांवर ठेवला. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'मैफलींचा हंगाम', आणि खाली चार कार्यक्रम.

हंगाम हा शब्द आमच्या वसईत भाताला, केळीला आणि फार तर लग्नांना लावायची रीत. तो व्हायोलिनांना लागलेला पाहून आम्हांला गंमत वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडी शंकाही आली. किती माणसे आहात, असे विचारले. चाळीसच्या आसपास, असे उत्तर मिळाले. विरारपासून वांद्र्यापर्यंतची ही मंडळी. कुणी बँकेत, कुणी शाळेत गणित शिकवणारे, दोघी-तिघी रुग्णालयातल्या परिचारिका, एक दंतवैद्य, आणि लग्नाच्या वराती गाजवणाऱ्या ब्रास बँडांतले पाचजण. मानधन कुणालाच नाही. उलट प्रत्येकजण महिन्याला वर्गणी भरतो आणि त्यातून संचालकांचा प्रवासखर्च, स्वरलिपीच्या प्रती व तारा यांची सोय होते. व्हायोलिने पंधरा, व्हायोला तीन, चेलो चार, डबल बास एक, तोही मागून आणलेला. ट्रॉम्बोनची मात्र ददात नाही, बँडवाल्यांची कृपा. बासून हे लांब नळीचे, खर्जातले वाद्य कुणाकडेच नाही. त्याच्या जागी टेनर सॅक्सोफोन वाजतो. जर्मनीतल्या एखाद्या प्राध्यापकाने हे ऐकले तर तो कानांवर हात ठेवील. पण वसई स्टेशनात उतरून त्याला परत जायला संध्याकाळची लोकल आहेच.

चेलो वाजवणारी एक मुलगी वांद्र्याहून येते ती लोकलच्या मालडब्यातून. ज्या डब्यातून आमच्या लोकांच्या दुधाच्या किटल्या आणि भाजीच्या पाट्या पहाटे मुंबईला गेल्या, त्याच डब्यातून दुपारी चेलो उलट दिशेने वसईला येतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे बड्या लोकांची, कोट-टाय घालून ऐकायची गोष्ट वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. या संगीताचे आपल्या मुंबईतले मूळ शोधू गेल्यास ते देवळाच्या अंगणात सापडते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या धर्मग्रामांना जोडून शाळा असत. तिथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि हाती व्हायोलिन देत. रविवारी मिस्सेला वाजवणारे कुणी असावे, एवढाच त्यामागचा हेतू. तिथे शिकलेली मुले पोटासाठी मुंबईला आली. मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांतल्या बँडांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी हजेरी लावली. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, तेव्हा पारशी व युरोपीय वादकांच्या शेजारी हे गोवेकर बसले होते. जगद्विख्यात संचालक झुबिन मेहता हे त्याच मेहली मेहतांचे चिरंजीव.

अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे पोराटोरांच्या तोंडी झाले. पण हे कुणी काल्पनिक पात्र नव्हे. माजोर्ड्याला १९२७ साली जन्मलेले हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू, आणि शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. याच गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावले, आणि आपले राग व पाश्चात्य वाद्यमेळ एकत्र नांदू शकतात हे दाखवले. २०१२ साली ते गेले. त्यांच्या मागे बसून वाजवणाऱ्या शेकडो गोवेकरांची नावे पडद्यावर कधी झळकली नाहीत. गाणे लोकांना पाठ, वाजवणारा अनामिक. हौशी वादकांची परंपराही मुंबईत आहे. १९६२ सालचा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा तिचाच. २००६ साली राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. तो व्यावसायिक. मात्र त्यात सुरुवातीला पुष्कळसे वादक थेट कझाकस्तानातून आणावे लागले. ज्या शहरात एके काळी स्वरलिपी वाचणारे गल्लोगल्ली राहत, तिथे ही पाळी का आली? या प्रश्नाच्या उत्तराचा एक लहानसा तुकडा आमच्याच खिशात आहे. तो पुढे सांगतो.

हॉलचा प्रश्न वित्त समितीपुढे गेला. रविवारची दुपार म्हणजे साखरपुडे, वाढदिवस आणि त्यांचे भाडे. एका सभासदांनी सरळच विचारले, "फादर, हे ऐकायला येणार कोण?" आम्ही बरेच काही बोललो, त्यातले निम्मे आम्हांला स्वतःलाच पटत नव्हते. शेवटी असे ठरले की लग्नाचे मुहूर्त सोडून हॉल मोफत द्यावा, विजेचे बिल त्यांनी भरावे, आणि त्या बदल्यात धर्मग्रामातल्या दहा मुलांना शिकवावे. मुले पंधरा आली.

पहिल्या तालमीला आम्ही कौतुकाने मागच्या दारात उभे राहिलो. ओबोवाल्याने 'ए'चा स्वर धरला आणि एकेका वाद्याने आपली तार त्याला जुळवून घेतली. त्या मिनिटभरात हॉलचे रूपच पालटले. वादक दोन-दोन जण एका स्टँडवर बसतात. आतल्या बाजूच्याने पान उलटायचे, तोवर बाहेरच्याने वाजवत राहायचे. पहिली व्हायोलिने सुरावट चालवतात; दुसरी व्हायोलिने तिच्या खाली भराव घालतात. पाया भरणाऱ्याकडे घर बघायला आलेला पाहुणा बघत नाही, त्यातलाच प्रकार. या दुसऱ्या व्हायोलिनांच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. केस पांढरेशुभ्र, चष्म्याला दोरी, आणि हनुवटीखाली व्हायोलिनवर चारपदरी रुमाल. तो रुमाल आम्ही ओळखला, आणि मागच्या दारातून निघून कचेरीत जाऊन बसलो.

वाचकहो, १९९७ साली आमची दीक्षा झाली. त्यानंतर लवकरच आम्ही एका दुसऱ्या धर्मग्रामात सहाय्यक धर्मगुरू होतो. ज्युबिली वर्ष २००० ची धामधूम होती. तिथल्या गायनवृंदाच्या सज्ज्यात हार्मोनियमच्या साथीला तीन व्हायोलिने असत. एक वयोवृद्ध मास्तर, एक सुतार आणि एक रेल्वेच्या वर्कशॉपातले फिटर. खोटे कशाला बोला, ते बऱ्याचदा बेसूर वाजवीत. पावसाळ्यात तारा उतरत, तिसऱ्या कडव्याला सुतारकाका मागे पडत, आणि तरुण मंडळी तोंडावर गीतांचे पुस्तक धरून हसत. तेवढ्यात आखातात नोकरीला असलेल्या एका धर्मग्रामस्थाने कीबोर्ड भेट दिला. त्यावर एक बटण होते. ते दाबले की वीस व्हायोलिने एकदम वाजत, अगदी सुरात, आणि पावसाळ्यातही.

आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेलो. उपासनेत लोकांचा सक्रिय सहभाग हवा, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानातले सूत्र आमच्या जिभेवर असे. त्याच संविधानाने पवित्र संगीताचा वारसा जपायला सांगितले आहे, आणि लोकांचा सहभाग त्या वारशातूनही होतो, हे आम्ही परीक्षेत लिहिले होते व गुणही मिळवले होते. सभेत मात्र पहिला भाग तेवढा आठवला. मिस्सेनंतर आम्ही सज्ज्यात गेलो आणि अत्यंत गोड शब्दांत म्हणालो, "मास्तर, तुम्ही पुष्कळ वर्षे सेवा केलीत. आता खाली बाकावर बसून निवांतपणे मिस्सा ऐका."

मास्तरांनी काही विचारले नाही. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवले, राळेची वडी कागदात गुंडाळली, आणि "बरे, फादर," एवढे बोलून ते जिना उतरले. सुतारकाका त्यांच्यामागे. फिटर सर्वांत शेवटी. त्यांनी आपला चारपदरी रुमाल घडी न करता तसाच खिशात कोंबला.

मास्तर २००२ साली वारले. दफनविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली. शवपेटी देवळाबाहेर निघताना सज्ज्यातून कीबोर्ड वाजला, आणि वाजवणाऱ्या मुलाने प्रसंगाला साजेसे म्हणून तेच व्हायोलिनांचे बटण दाबले. आवाज फार गोड होता. आम्ही मान खाली घालून चाललो. तो कीबोर्डही पुढे दोन-तीन पावसाळ्यांत मुका झाला, ते सोडा.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतही हेच घडले होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा वाचनातून कळले. सिंथेसायझर आला आणि चित्रपटगीतांमागचे मोठाले वाद्यताफे ओसरले. तिथे निदान पैशांचे गणित होते. आम्हांला कुठे कुणाला पगार द्यायचा होता! तिघेही फुकट वाजवीत होते. आम्ही वाचवले ते फक्त त्यांचे बेसूर होणे. आणि सज्ज्यात व्हायोलिने उरली नाहीत तेव्हा ती शिकावीत असे कुणा मुलाला वाटण्याचे कारणही उरले नाही. मघाशी म्हटले तो आमच्या खिशातला तुकडा हाच.

आता त्या छापील कागदाकडे वळतो. पहिली मैफल २२ नोव्हेंबरला, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाला. तीत अंतोनियो विवाल्दीचा दोन व्हायोलिनांसाठीचा ए मायनर कॉन्चेर्तो आहे, १७११ साली छापलेला. हे विवाल्दी आमचेच भाऊबंद. १७०३ साली दीक्षा घेतलेले धर्मगुरू, केस तांबडे म्हणून व्हेनिसात 'तांबडा पाद्री' म्हणून ओळखले जात, आणि अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिकवीत. दुसरी मैफल नाताळाआधी, कोरेल्लीच्या नाताळ-कॉन्चेर्तोची. कोरेल्ली १७१३ साली गेला आणि ही रचना त्यानंतर वर्षभराने छापली गेली. तिच्या अखेरीस मेंढपाळांच्या पाव्याची चाल आहे. ती ऐकताना गोठ्याच्या देखाव्यातली मातीची मेंढरे हलतील की काय, असे वाटते. चौथी मैफल पावसापूर्वी, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या सुमारास. तीत मोझार्टचे 'आवे वेरुम कॉर्पुस' आहे. बाडेन गावच्या देवळातला गायनवृंद चालवणारे आंटोन श्टोल नावाचे शाळामास्तर मोझार्टचे मित्र होते. त्यांच्यासाठी त्याने १७९१ च्या जूनमध्ये हे गीत लिहिले. सारे मिळून शेहेचाळीस मात्राखंड. सहा महिन्यांच्या आत मोझार्ट वारला. ते आपला गायनवृंद गाणार आहे. सोबत शूबर्टची १८२२ ची 'अपूर्ण' सिंफनी. दोनच भाग पुरे झालेली ही रचना त्याच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी, १८६५ साली पहिल्यांदा वाजली. यात बासूनच्या जागी सॅक्सोफोन. देव शूबर्टचे भले करो.

तिसरी मैफल उपवासकाळातली, आणि आमची झोप उडाली ती तिच्यामुळे. हायडनची 'ख्रिस्ताचे अखेरचे सात शब्द'.

योसेफ हायडन श्रद्धाळू कॅथॉलिक. रचनेच्या आरंभी प्रभूचे नाव आणि शेवटी देवाची स्तुती लिहायची त्याची सवय. लहानपणी तो व्हिएन्नाच्या संत स्टीफनच्या कॅथेड्रलात गाई आणि आवाज फुटल्यावर त्याला तिथून जावे लागले. चर्चने नको म्हटलेल्या वादक-गायकांच्या यादीत तोही आहे, म्हणायचा. स्पेनमधल्या काडिझ शहरातल्या एका धर्मगुरूने त्याला ही रचना करायला सांगितली आणि १७८७ च्या सुमारास ती तिथे वाजली. हायडनने पुढे लिहून ठेवले आहे की देवळाच्या भिंती, खिडक्या आणि खांब काळ्या कापडाने झाकत. मधोमध टांगलेला एकच मोठा दिवा. दुपारी दारे बंद होत. महागुरू व्यासपीठावर चढून क्रुसावरच्या ख्रिस्ताचा एक शब्द उच्चारीत, त्यावर चिंतन करीत, मग खाली उतरून वेदीपुढे गुडघे टेकीत. त्यांचे गुडघे जमिनीवर असेतोवर वाद्ये वाजत. असे सात वेळा. सातही भाग संथ, आणि श्रोत्यांना कंटाळा येऊ न देता एकापाठोपाठ असे सात भाग रचणे सोपे नव्हते, अशी कबुली खुद्द हायडनने दिली आहे. तहानेच्या शब्दाला तो तारा गजाने न वाजवता बोटांनी छेडायला लावतो. थेंब थेंब पडावे तसा तो आवाज. शेवटी भूकंप. हायडनने ही रचना चार तंतुवाद्यांसाठीही करून ठेवली आहे. आपली मंडळी तीच, प्रत्येक ओळीला अनेक वादक लावून, वाजवणार आहेत. म्हणजे बासूनचा प्रश्न उरत नाही.

"आणि फादर," ती मुलगी म्हणाली, "सात चिंतने तुम्ही करायची. प्रत्येकी तीन मिनिटे."

तीन मिनिटे! आमचे प्रवचन सुरू झाल्याचे मागच्या बाकांना कळायलाच तीन मिनिटे लागतात. पण अडचण ती नव्हती. सातांतला पहिला शब्द क्षमेचा आहे. तो उच्चारून आम्ही वेदीपुढे गुडघे टेकायचे, आणि आमच्या पाठीमागे हात-दोन हातांवर दुसऱ्या व्हायोलिनची शेवटची खुर्ची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तालीम संपल्यावर आम्ही धीर केला. इतर मंडळी स्टँड आवरीत होती. फिटरकाका राळ पुसत बसले होते. ते निवृत्त होऊन लेकीकडे आमच्या धर्मग्रामात राहायला आले आहेत आणि व्हायोला वाजवणाऱ्या नातीबरोबर तालमीला येतात, हे एव्हाना आम्हांला कळले होते. "बरे जमते की तुम्हांला," असे काहीतरी आम्ही म्हणालो.

"कुठले, फादर!" ते म्हणाले. "बोटे आता पळत नाहीत. जिथे जमत नाही तिथे गज तारेला टेकवत नाही. वरच्यावर चालवतो. पण दिशा सगळ्यांची तीच ठेवतो. संचालकांना ठाऊक आहे. ते म्हणतात, चालू द्या."

आम्ही खुर्ची ओढून बसलो. "काका," आम्ही म्हणालो, "१९९९ सालची ती गोष्ट..."

"दोन हजार," ते म्हणाले. "तीन राजांच्या सणाचा आदला दिवस."

पंचवीस वर्षांपूर्वीची ती तारीख आमच्या डायरीत नव्हती, त्यांच्यापाशी होती. मग आम्ही जे बोलायचे होते ते बोललो. नीट जमले नाही. प्रवचनाला सोकावलेल्या तोंडाला असली वाक्ये सरळ येत नाहीत. त्यांनी मध्ये अडवले नाही, मानही हलवली नाही. बोलून झाल्यावर ते थोडा वेळ राळेच्या वडीकडे बघत राहिले.

"मला राग आला होता," ते म्हणाले. "मास्तरांना राग नाही आला, वाईट वाटले. ते घरीसुद्धा वाजवेनासे झाले. आता ते गेले, फादर. त्यांच्या वाटचे मी कसे बोलू?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. नात बाहेरून हाक मारीत होती. व्हायोलिन पेटीत ठेवून ते उठले, दोन पावले गेले आणि थांबले. "माझ्या वाटचे विचाराल तर," ते म्हणाले, "तेवढे त्या पंख्याचे बघा. माझ्या डोक्यावरच आहे. पाने उडतात, आणि उलटायचे काम माझ्याकडे आहे."

पंखा बंद केला तर पंधरा मुले उकाड्याने हैराण होतात. म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही बाजारात जाऊन कपडे वाळत घालायचे चिमटे दोन डझन आणले. ते आता प्रत्येक स्टँडला लावलेले असतात. लाल, निळे, हिरवे. संचालकांना ते शोभत नाहीत असे वाटते, पण मैफलीला ते राहणार आहेत.

चिंतनांपैकी सहा लिहून झाली आहेत. पहिल्याचा कागद कोरा आहे. उपवासकाळाला अवकाश आहे, असे आम्ही रोज स्वतःला सांगतो.

२२ नोव्हेंबरची मैफल सायंकाळी सात वाजता हॉलमध्ये आहे. सर्वांना प्रवेश मोकळा. दाराशी पेटी ठेवलेली असेल. आणि बासून वाजवणारे कुणी वाचकांच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.